ते भात, तो भात

मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, काकी परळ डेपोला एसटीतून उतरली. तिच्या हातात औषधांची पिशवी होती आणि मागून कंडक्टर एक गोणी पायानं पुढे सरकवत होता. आंबे असणार, असं धरून मी गोणीला हात घातला, तर आत काहीतरी सळसळलं.

"आंबे मागनं येतील," काकी म्हणाली. "हे बियानं हाय. घरात ठेवलं तर उंदीर शिल्लक ठेवायचे नायत."

ती आली होती मोतीबिंदू काढायला. तिचा मुलगा नालासोपाऱ्याला एका खोलीत राहतो, त्यात शिफ्टची नोकरी. हॉस्पिटल आमच्या लालबागच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. म्हणून मुक्काम आमच्याकडे. माणगाव तालुक्यातल्या आमच्या गावात काकी एकटीच एकरभर भात करते, त्याचं हे वीस-बावीस किलो बियाणं. तिचा बेत साधा होता: डोळे स्वच्छ झाले की मुंबईतच बसून बी निवडायचं, मृगाच्या आत गावी जायचं, राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, टाकायचं.

ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर धुळीत जायचं नाही, खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, दिवसातून सहा वेळा थेंब. दिसायला लागलं आणि बघायचं कामच बंद झालं. काळा चष्मा लावून काकी गॅलरीत खुर्चीवर बसली आणि गोणी माझ्यापुढे आली.

मला याचं फार काही वाटलं नाही. निवडणं मला येतं. शाळेच्या सुट्टीत आईबरोबर ताटात रेशनचे तांदूळ निवडलेत, गहू निवडलेत, तूरडाळीतले खडे काढलेत. मी स्टीलचं मोठं ताट घेतलं, त्यात दोन ओंजळी भात ओतलं आणि बोटांनी सरकवत खडे वेचायला लागले. खडे वाटीत टाकले की टिंग असा आवाज येत होता. चार-पाच टिंग झाल्यावर काकीनं विचारलं, "काय काढतंस?"

"खडे."

"खडे कशाला? खडा काय उगवतोय?"

मी ताट खाली ठेवलं. इतकी वर्षं धान्य निवडलं ते दातांच्या धाकानं. जे दाताखाली येईल ते काढायचं, बाकी सगळं चालतं. तुकडा चालतो, बारकं चालतं, अर्धवट भरलेलं चालतं. शिजलं की सगळं सारखंच. तांदळाच्या कण्यांची तर पेज होते, आणि आजारी माणसाला तीच गोड लागते. बियाण्यात सगळं उलटं. खडा पडला तर पडू दे, तो चिखलात जाईल. पण ज्या दाण्याचं टोक किड्यानं कुरतडलंय, तो बाहेर. कोंब त्या टोकाशी असतो. बाकी दाणा कितीही टपोरा असला तरी तो आता फक्त खायच्या कामाचा. मळणीत तुटलेला बाहेर. अर्धा भरलेला बाहेर, कारण रोपाला मुळं फुटून पान हिरवं होईपर्यंत जी शिदोरी लागते तीच त्याच्याकडे नाही. वरून सोनेरी आणि आत काहीच नाही, तो तर बाहेरच. त्याला काकी पोल म्हणते. आपण फोल म्हणतो, आणि बहुतेक वेळा धान्याबद्दल न म्हणता आश्वासनांबद्दल म्हणतो.

मराठीत एक मजा आहे, ती मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळली. शेतात असतं ते भात. नपुंसकलिंगी. भात पेरलं, भात कापलं, भात झोडलं. शिजलं की त्याचा तो होतो. भात झाला, भात करपला, भात वाढला. मुंबईत जन्म काढलेल्या माझ्यासारखीचा सगळा व्यवहार तो-भाताशी. ते-भाताशी माझी ओळख गणपतीला गावी गेल्यावर एसटीच्या खिडकीतून दिसणाऱ्या हिरव्या तुकड्यांपुरती.

पहिली अडचण सुपाची आली. आमच्या घरात सूप होतं, माळ्यावर. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला माझा ओवसा, म्हणजे नव्या सुनेनं सुपानं गौर पुजायचा विधी, झाला तेव्हाचं, हळदीकुंकवाची बोटं उमटलेलं. ते काढून झटकलं आणि काकीच्या हातात दिलं. तिनं ते नुसतं बोटांनी चाचपलं.

"हे देवाचं सूप. कामाचं नाय."

बांबूच्या पट्ट्या कागदासारख्या पातळ, वीण सैल, मागची कड नुसती दोऱ्यानं बांधलेली. गौरीच्या आधी दादर-लालबागला रस्त्यावर सुपांच्या थप्प्या लागतात ना, त्यातलं. पाच फळं आणि एक करंजी उचलण्यापुरतं. शेवटी बाजारात टोपल्या विकणाऱ्या बाईकडे एक जाड विणीचं मिळालं. तिनं विचारलं, "वापरायला पाहिजे का पूजेला?" म्हणजे ही दोन जातींची सुपं असतात हे तिलाही ठाऊक होतं. मलाच नव्हतं.

मग शिकवणी सुरू झाली. सुपात तीन कामं असतात आणि तिन्हीला मी आजवर एकच नाव देत होते. पाखडणं म्हणजे वर उडवून झेलायचं; उडताना फोलपट सुपाच्या पुढच्या तोंडावरून निघून जातं. घोळणं म्हणजे सूप गोल फिरवायचं. हलकं, कुसळं, काडीकचरा वर तरंगून मध्ये गोळा होतो, तो हातानं उचलायचा. आणि आसडणं म्हणजे हिसका द्यायचा, आपल्याकडे; प्रत्येक हिसक्याला जड दाणे मागे मनगटाकडे येतात आणि हलके पुढे उरतात. माझं पाखडणं म्हणजे अर्धं भात सुपात आणि अर्धं लादीवर. काकीला हे दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. पोल असलेलं सूप कोरडं, पसरट वाजतं, पावसाचा पहिला शिंतोडा पत्र्यावर पडावा तसं. भरलेल्या दाण्यांचं सूप एका ठोक्यात वाजतं. मी पाखडायचे आणि ती काळ्या चष्म्याआडून रस्त्याकडे बघत सांगायची, "अजून." परत पाखडलं. "अजून." परत. "हां, आता ते काढ, दुसरं घे."

एकदा तर मी थांबलेच. म्हटलं, झालं की गं. ती म्हणाली, "तुझं झालं. त्याचं नाय झालं."

सुपातले हसतात नि जात्यातले रडतात ही म्हण आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिली आहे. तिच्यात दोनच प्रकारचे दाणे आहेत: ज्यांची पाळी आली ते आणि ज्यांची यायची आहे ते. सुपातून निघून जात्याकडे न जाणारा तिसरा एक दाणा असतो, त्याची म्हणीनं दखलच घेतलेली नाही. म्हण बहुतेक दळणाऱ्या बाईनं केली असावी, पेरणाऱ्या बाईनं नव्हे. अर्थात दोघी एकच असायच्या.

एवढं सगळं सुपानं करायला आठवडा गेला असता. गावी हे काम खळ्यावर उफणून होतं. तिवईवर उभं राहून टोपलीतून भात वाऱ्यात सोडायचं. भरलेला दाणा सरळ पायाशी पडतो, अर्धा भरलेला जरा पुढे, पोल त्याच्या पुढे, भुसा उडून जातो. बियाणं धरायचं ते पायाशी पडलेल्या राशीतून. काकीनं ते तसं धरलेलंच होतं, पण खळ्यावर त्या दिवशी वारा पडला होता म्हणून तिचा जीव खात होता. आणखी एक हात मारायचा होता.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर मे महिन्यात जागा मिळणं म्हणजे लालबागमध्ये गाडी लावायला जागा मिळण्यासारखं. मसाल्याचे दिवस. मिरच्या, धणे, बडीशेप, दगडफूल, सगळं चादरींवर पसरलेलं. मग ते खाली डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, जाणार. एका कोपऱ्यात चटईभर जागा मागून घेतली. सकाळी नऊला वर गेले तर वारा नाही. चौथ्या मजल्यावरून वायर ओढून टेबलफॅन आणायचा माझा विचार होता. काकीनं खालूनच सांगून पाठवलं, थांब. ती चार दिवस गॅलरीत बसून समोरच्या चाळीच्या दोरीवरचे कपडे ऐकत होती. हो, ऐकत होती. "तुमच्याकडं वारा दुपारचा येतो. तीनच्या पुढं."

आणि खरंच. सकाळभर जमीन तापते, मग दुपारी समुद्रावरचा वारा आत शिरतो. हे भूगोलात शिकलेलं. पण माझ्या घराला किती वाजता वारा येतो हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर, गावाहून आलेल्या आणि धड दिसत नसलेल्या बाईनं सांगावं लागलं.

वारा आला, पण सरळ आला नाही. आमच्या पश्चिमेला जिथं गिरणी होती तिथं आता टॉवर उभा आहे. वारा त्याच्यावर आपटतो आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून येतो. मी स्टुलावर उभी राहून टोपली तिरकी केली तर भुसा एका झोतात डावीकडे, दुसऱ्या झोतात थेट माझ्या तोंडावर. शेजारच्या बाईंच्या मिरच्यांवर गेला तो वेगळाच. भाताचं कुसळ अंगाला लागलं की खाजतं, आणि त्यात मिरचीचा खाट. शिंकून शिंकून पाणी आलं डोळ्यांना. शेवटी दोन झोतांमधली शांत वेळ पकडायची, आणि पुढचा झोत सुरू होताना टोपली हलवायची, असं जमलं. कबुतरं पाण्याच्या टाकीवर ओळीनं बसून होती. त्यांना हाकलायला माझी मुलगी छत्री घेऊन उभी. ती म्हणाली, "आई, यांना पोल दिसत नाही का? भरलेलेच उचलतात." निवडायचं काम कबुतरांना दिलं असतं तर लवकर झालं असतं, फक्त बी उरलं नसतं.

बाबा आठवले मला गच्चीवर. ते गिरणीत ब्लो रूममध्ये होते. कापसाच्या गाठी फोडून पहिल्यांदा जिथं टाकतात ते खातं. आत काट्यांचे रूळ फिरतात, कापूस झोडपतात, जड कचरा जाळीतून खाली पडतो आणि हलका कापूस हवेच्या झोतानं पुढे ओढला जातो. पुढच्या खात्यातले लोक कार्डिंग, साचा, अशी आपल्या खात्याची नावं सांगायचे. बाबा म्हणायचे, मी झाडूखात्यात. जिनिंगमध्ये सरकी काढूनही तिचे बारीक तुकडे, पानाचा चुरा, माती कापसाबरोबर येते. तो कचरा. म्हणजे बाबांनी वीस वर्षं वाऱ्याच्या झोतावर बी वेगळं केलं, ते टाकून द्यायला. तिथं हलकं ते कामाचं आणि जड ते फेकायचं. त्यांच्या छातीत उरलेला खोकलाही त्याच हलक्या वस्तूचा. आणि गावी त्यांची भावजय त्याच वाऱ्यात जड ते ठेवत होती.

सूप आणि वारा वजन ओळखतात, जात ओळखत नाहीत. त्यासाठी शेवटी ताट आणि डोळेच लागतात. घरच्या बियाण्यात दरवर्षी थोडं परकं शिरतं. शेजारच्या शेतातलं, मळणीयंत्रात आधीच्या माणसाचं राहिलेलं, आणि रानटी. काळपट सालीचा, लांब कुसळाचा एक दाणा असतो. काकी त्याला देवभात म्हणते. त्याचं वैशिष्ट्य असं की कापणीची वाट न बघता तो स्वतःच गळून पडतो आणि पुढच्या वर्षी न पेरता उगवतो. आणि रोपाच्या वयात तो हुबेहूब आपल्या भातासारखा दिसतो, त्यामुळे बेणताना, म्हणजे तण काढताना, हाती लागत नाही. एक दाणा चुकला तर पुढच्या वर्षी मूठभर. मी काकीला एकेक संशयित दाणा तळहातावर ठेवून द्यायचे, ती बोटांत फिरवायची. "देव." "आपलं." "आपलं." "देव."

आमचं हे भात पटणी. जाड, भाकरीला चांगलं. आपलं शुद्ध ठेवायचं म्हणजे वेगळं दिसेल ते काढायचं, हा नियम मला पटला होता, पण तेवढ्यात मला दादाजी खोब्रागडे आठवले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे. १९८३ मध्ये त्यांच्या शेतात पटेल-३ जातीच्या भातात तीन ओंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. नियमानं त्या काढून टाकायच्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले, आणि त्यातून जे आलं त्याला त्या काळात दिमाखात मिरवणाऱ्या घड्याळाचं नाव पडलं: एचएमटी. आज मुंबईत कुठल्याही वाण्याकडे एचएमटी मागा, मिळतो. दादाजी २०१८ मध्ये गेले, कंगाल म्हणावेत अशा अवस्थेत. मी काकीला ही गोष्ट सांगितली. तिनं सगळी ऐकली आणि म्हणाली, "त्यानं टाकलं नाय, पण मिसळलंही नाय. वेगळं पेरलं ना?" आणि पुढचा दाणा मागितला.

इथं एक सांगायला हवं. काकी काही जुन्या बियाण्याची भक्त नाही. मुंबईत घरच्या बियाण्याविषयी बोलणारी माणसं भेटतात, त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही आलं असेल. काकीच्या खालच्या तुकड्यात कर्जतच्या संशोधन केंद्राची सुधारित जात असते. तेच कर्जत, ज्याची पाटी आपण लोकलच्या कपाळावर रोज वाचतो आणि पलीकडे भाताचं संशोधन चालतं हे गावीही नसतं. सुधारित जातीचं बीही घरी धरता येतं, फक्त दोन-तीन वर्षांनी ताजं आणावं लागतं. संकरित मात्र दरवर्षी विकत, कारण त्याचं घरचं बी पेरलं की एकाच वाफ्यात उंच, बुटकं, लवकरचं, उशिराचं असं सगळं फुटून येतं. एक वर्ष तिनं तेही केलं आहे. पटणी ती ठेवते ते भाकरीसाठी आणि पेंढ्यासाठी. बुटक्या जातीचा पेंढा गुरांना पुरत नाही, असं तिचं म्हणणं.

उगवण बघायचं काम मुलीनं घेतलं. न निवडता मोजून शंभर दाणे, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात. आठवड्यानं उघडले तर सत्त्याऐंशी फुटलेले. प्रमाणित बियाण्याला ऐंशी लागतात. मुलीनं आकडा एखाद्या निकालासारखा जाहीर केला. काकीनं आधीच एक दाणा दातांखाली धरून कट्‌कन तोडला होता आणि "वाळलंय बरोबर" एवढंच म्हटलं होतं.

उरलं मिठाचं पाणी. हे काकीचं जुनं नव्हे. गावात कृषी सहायकानं करून दाखवलेलं. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ. त्यात भात ओतायचं, ढवळायचं. साध्या पाण्यात जे बुडतं त्यातलंही काही मिठाच्या पाण्यात वर येतं: आतून पोकळ, रोगानं हलकं झालेलं, जे सुपाला आणि वाऱ्याला फसवून आलेलं असतं. वरचं झाऱ्यानं काढायचं. तळाचं रोवळीत उपसून साध्या पाण्यानं दोन-तीनदा खळखळून धुवायचं, कारण मीठ राहिलं तर कोंब जळतो. मग सावलीत वाळवायचं.

मुलीनं हिशेब केला. तीन टक्के. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे साडेतीन टक्के. "मग दादर चौपाटीवरून दोन बादल्या आणूया की!"

"तिथल्या पाण्यात बी काय," काकी म्हणाली, "मीपन तरंगंन."

पण तो हिशेब माझ्या डोक्यातून गेला नाही. आपण ज्याच्या काठावर राहतो ते सगळंच्या सगळं पाणी पोल आणि दाणा वेगळं करण्याच्या ताकदीचं आहे.

रविवारी, २५ मेला, रोहिणी लागली त्या दिवशी आम्ही न्हाणीघरात हे उरकलं. पाणी सकाळी येतं तेवढ्यात तीन बादल्यांचे सहा घाणे. बाहेर आधीच चार-पाच दिवस अवेळी सरी पडत होत्या. मी म्हटलं, उद्या ऊन पडेल, जिन्यावरच्या सावलीत पसरू. सोमवारी मुंबईत पावसाळा आला. ११ जूनला यायचा तो २६ मेला, सोळा दिवस आधी. हिंदमाताला पाणी, लोकल अडकलेल्या, मी घरी. आणि घरात वीस किलो ओलं बी. ओलं बी ढीग करून राहिलं की तापतं, आणि तापलं की फडक्यात न गुंडाळताच मोड काढतं. तेही नाही जमलं तर बुरशी. आम्ही हॉलमधलं टेबल उभं केलं, सोफा दाराला लावला, सगळ्या जुन्या चादरी आणि नवऱ्याची एक नवी लुंगी पसरली, पंखा पाचवर. दर तासानं पायानं रेघा ओढत भात परतायचं. घरात चिखलाचा, गवताचा, दमट गोणपाटाचा वास. जेवण स्वयंपाकघरात उभ्यानं.

रात्री झोप नव्हती कुणालाच. मी मोबाइलवर वाचत बसले आणि काकीला वाचून दाखवलं, की बाई, तुझ्या या उद्योगाला कायद्याचा आधार आहे. वनस्पतींचे वाण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा २००१ चा कायदा, त्याचं ३९ वं कलम. शेतकऱ्याला आपलं बी साठवता येईल, वापरता येईल, पेरता येईल, पुन्हा पेरता येईल, अदलाबदल करता येईल, वाटता येईल, विकता येईल. फक्त छाप मारून, पाकीटबंद नावानं विकता येणार नाही. सात क्रियापदं. त्यात पाखडणं नाही, घोळणं नाही, याची मला गंमत वाटली. मी म्हटलं, "बघ, पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरात चालत आलेलं हे बी, त्याला आता कलमाचं संरक्षण."

काकी पाय पसरून भिंतीला टेकली होती. चष्मा काढलेला होता, रात्र म्हणून. म्हणाली, "पिढ्यान्‌पिढ्या कुठलं? हे ब्याऐंशीचं."

मला कळेना.

"संपाचं साल. तुझा बाप तुम्हाला घेऊन गावाला आला नाय का?"

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. साठाच्या वर गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. महिना-दोन महिन्यांत मिटेल म्हणता म्हणता माणसं गावी परतली. आम्हीही. मी सहा वर्षांची होते. मला गावची ती पहिली मोठी सुट्टी म्हणून आठवते, करवंदं, विहीर. काकी तेव्हा तेवीस वर्षांची. घरात खाणारी सहा माणसं होती ती दहा झाली. भात पुरायचं ऑक्टोबरपर्यंत, ते वैशाखातच संपलं. मुंबईहून मनिऑर्डर यायची ती बंद, कारण पाठवणाराच चुलीपुढे बसलेला.

"बियान्याची मुडी माळ्यावर व्हती. चुलीच्या वर, धुरात. पेंढ्यानं आवळून बांधलेली. तुझ्या आजीनं चार दिस नुसती तिच्याकडं बघून काढले. मग सोडली."

"खाल्लं?"

"तूच खाल्लंस की. पेज. तुला ताप व्हता."

पंखा फिरत होता. मी काही विचारलं नाही, तिनंच सांगितलं. पावसाच्या तोंडावर आजी स्वतः वरच्या आळीत गेली. दिढीनं भात मागायला लोक जात, त्यात लाज नव्हती. एक मण घ्यायचं, सुगीला दीड मण द्यायचं. पण बियाणं मागायला जाणं म्हणजे बियाणं खाल्लं हे सांगणं. त्या घरानं चार पायल्या दिल्या. आजीनं सुगीला सहा परत केल्या, वर एक कोंबडा. तेव्हापासून आमच्या घरात आहे ती पटणी त्यांची.

"मग आपलं मूळचं गेलंच?"

"जाईल कुठं? त्यांच्याकडं तरी कुठनं आलं? त्यांची कनगी उंदरांनी पोखरली व्हती त्या साली तुझ्या आजीनंच दिलेलं. मी लगीन होऊन आले त्याच्या आधीची गोष्ट." आणि जरा थांबून, "तुझ्या त्या कलमात उसनं घेनं हाय का?"

मी परत बघितलं. अदलाबदल आहे म्हटलं.

"मग हाय."

बाबांना गिरणीनं पुन्हा घेतलं नाही. ते नंतर एका सोसायटीत वॉचमन झाले. पेजेची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही, आईनंही नाही. पहाटे चारच्या सुमाराला मी परतायला उठले तेव्हा भात हाताला थोडं सुटं लागत होतं. तीन दिवस लागले पूर्ण वाळायला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काकी गेली. डॉक्टरांनी अजून थांबा म्हटलं होतं. वीस-बावीस किलोचं सतरा किलो झालं होतं. पोल आणि हलकं कबुतरांना, तुटकं शेजारच्या कोंबड्यावाल्याला. जाताना तिनं आमच्या स्वयंपाकघरातला एक रिकामा पत्र्याचा डबा मागितला, त्यात चार-एक किलो बी ओतलं, वर राख आणि कडुनिंबाचा पाला टाकला, आणि झाकणाला कापडाची पट्टी चिकटवली. "इथं असू दे. गावाला काय झालं तर."

डबा तांदळाच्या डब्याशेजारी आहे. सारखाच आकार, सारखाच रंग. जुलैत एका रात्री पाहुणे आले, वीज गेली होती, मी अंधारात चाचपडत डबा ओढला, झाकण उघडलं आणि माप आत घातलं. माप नेहमीसारखं बुडालं नाही, खरखरलं. हाताला राख लागली. मी माप काढून झटकलं, झाकण घट्ट बसवलं आणि शेजारचा डबा उघडला.